तुमचे प्रश्न, माझी उत्तरं : इंदिराराजेंनी लिहिलेलं ते पत्र

मागच्या अंकात सयाजीराव गायकवाडांवर लिहिताना अगदी शेवटी मी एकच ओळ टाकली होती, की चिमणाबाईंच्या पोटी झालेली त्यांची एकुलती एक लेक इंदिराराजे, तिनं ठरलेलं लग्न स्वतः नवऱ्या मुलाला पत्र लिहून मोडलं. बाकी अख्खा लेख शाळा, लायब्रऱ्या, कायदे यांच्यावर होता पण पत्रं आली ती सगळी या एका ओळीवर! खूप बरं वाटलं. म्हणून या वेळचं सदर पूर्ण इंदिराराजेंचं. प्रश्न थोडे कापून घेतलेत, राग मानू नका.

आमचं गाव मालेगाव तालुक्यात, कवळाण्याच्या जवळच. सयाजीराव महाराज मूळचे कवळाण्याचे म्हणून आमच्याकडे त्यांचा फार अभिमान. पण मुलीचं लग्न मोडल्याची गोष्ट कुणी कधी सांगितली नाही. ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे दिली होती हे खरं का? नेमकं झालं काय? — एक वाचक, नाशिक जिल्हा

दिली नव्हती, द्यायची ठरली होती. इंदिराराजेंचा जन्म १९ फेब्रुवारी १८९२ चा, बडोद्याचा. आई चिमणाबाई, म्हणजे महाराजांच्या दुसऱ्या राणीसाहेब, माहेरच्या घाटगे. सोयरीक ठरली ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी. आता मराठा संस्थानिकांच्या दृष्टीनं याहून मोठं स्थळ ते काय असणार, एकीकडे गायकवाड आणि दुसरीकडे शिंदे, दोन्ही घरं इतिहासातली, पैसा, मान, सैन्य, सगळं जोडीला जोड. पण माधवराव तिच्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठे होते आणि त्यांचं एक लग्न झालेलं होतं, पहिल्या राणीसाहेब हयात होत्या, मूल नव्हतं. म्हणजे आपल्या भाषेत सरळ सांगायचं तर मुलगी सवतीवर द्यायची ठरली होती. त्यात ग्वाल्हेरचा जनाना पडद्यातला, आणि ही मुलगी कशी वाढलेली तर आईवडलांबरोबर परदेश बघितलेली, शिकलेली, मोकळी.

डिसेंबर १९११ मध्ये दिल्लीला पंचम जॉर्जचा दरबार भरला. सगळे संस्थानिक बायकामुलांसह तंबू ठोकून होते. तिथे तिची गाठ पडली कूचबिहारच्या राजाच्या धाकट्या भावाशी, जितेंद्र नारायणशी. ती एकोणीस वर्षांची, तो पंचवीसचा. दरबार संपला, तंबू उठले आणि इंदिराराजेंनी कुणालाही न विचारता ग्वाल्हेरला पत्र टाकलं, की मला हे लग्न करायचं नाही.

घरी कळलं ते उलट्या बाजूनं. ग्वाल्हेरहून महाराजांना एका ओळीची तार आली, राजकन्येच्या पत्राचा अर्थ काय म्हणून! म्हणजे आईबाप लग्नाच्या तयारीत आणि लेकीनं परस्पर विषय संपवलेला.

माझी मावशी बडोद्याला दांडिया बाजारात राहायची, लहानपणी मे महिन्यात आम्ही तिच्याकडे जायचो. रिक्षा काळ्या घोड्याजवळ आली की, म्हणजे तिथे महाराजांचा घोड्यावरचा पुतळा आहे ना, तिथे ती न चुकता हात जोडायची. पण इंदिराराजेंचा विषय निघाला की आवाज एकदम खाली यायचा, जसं काही हे आपल्याच घरात परवा घडलंय आणि शेजारी ऐकतील. "महाराजांच्या लेकीनं हो..." इतकंच म्हणून ती पदर सारखा करायची. तो खाली आलेला आवाज माझ्या अजून कानात आहे. साठ-सत्तर वर्षं होऊन गेली होती तेव्हा त्या पत्राला.

माधवरावांबद्दल मात्र एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. त्यांचा भर पंचक्रोशीत नव्हे, भर हिंदुस्थानात अपमान झाला होता, तरी त्यांनी नंतर गायकवाडांना समजूतदारपणाचं पत्र लिहिलं आणि खाली सही करताना "तुमचा मुलगा" असं लिहिलं असं सांगतात. पुढे त्यांचं दुसरं लग्न गोव्याच्या राणे घराण्यातल्या मुलीशी झालं, सासरचं नाव गजराराजे. ग्वाल्हेरचं गजराराजा मेडिकल कॉलेज ते त्यांच्याच नावाचं.

इंदिराराजे आणि जितेंद्र यांचं लग्न १९१३ साली लंडनला झालं, एका हॉटेलात, ब्राह्मो समाजाच्या पद्धतीनं. माहेरचं एक माणूस नव्हतं. अंतरपाट धरायला मामा नाही, आई नाही, बाप नाही. काही आठवड्यांतच जितेंद्रचे थोरले भाऊ वारले आणि धाकटा म्हणून जो गादीपासून लांब होता तो कूचबिहारचा महाराजा झाला आणि ही महाराणी. पण पत्र लिहिलं तेव्हा तिला हे काहीच माहीत नव्हतं हे लक्षात घ्या. ती एका धाकट्या भावासाठी ग्वाल्हेर सोडून निघाली होती.

मी पुण्यात एमए करतेय. ताई, सयाजीरावांसारखा सुधारक माणूस, ज्यांनी मुलींना शिकवलं, तेच मुलीच्या पसंतीच्या आड का आले? मला हे वाचून खरंच वाईट वाटलं. — एक विद्यार्थिनी

मलाही वाटलं होतं ग. आणि मी काही महाराजांची बाजू घेऊन तुला गप्प करणार नाहीये. तू म्हणतेस ते बरोबरच आहे. १९०४ साली बडोद्यात बालविवाहाला आळा घालणारा कायदा आणणारा हा माणूस, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मुलींनासुद्धा. बाबासाहेब बडोद्याच्या स्कॉलरशिपवर कोलंबियाला गेले ते साल कुठलं? १९१३. आणि त्याच साली त्यांची स्वतःची मुलगी लंडनला माहेराविना बोहल्यावर चढली. या दोन गोष्टी एकाच वर्षात, एकाच माणसाच्या आयुष्यात.

पण थोडं त्यांच्या जागी उभं राहून बघ. त्याच दिल्ली दरबारात महाराजांचं मोठं प्रकरण झालं होतं. पंचम जॉर्जपुढे मुजरा करून पाठ न दाखवता मागे मागे चालत जायचं असा रिवाज, ते एकदा वाकले आणि सरळ पाठ फिरवून चालायला लागले. इंग्रजी पेपरांनी राजद्रोह राजद्रोह म्हणून रान उठवलं, महाराजांना लेखी खुलासा करावा लागला. इंग्रज डोळ्यांत तेल घालून बडोद्याकडे बघत होते आणि ग्वाल्हेरवर सरकारची मर्जी होती. अशा वेळी ग्वाल्हेरची सोयरीक तुटणं म्हणजे काय ते तूच विचार कर. माझं मत असं की त्यांना त्या लग्नाची गरज राज्यासाठी वाटत होती, मुलीसाठी नाही, आणि चूक तिथेच झाली.

दुसरं म्हणजे कूचबिहार. बडोद्याला २१ तोफांची सलामी, कूचबिहारला १३. घराणं मराठा नाही, पार तिकडे हिमालयाच्या पायथ्याशी, भाषा बंगाली, सासू सुनीतीदेवी या केशवचंद्र सेनांच्या कन्या म्हणजे ब्राह्मो. शहाण्णव कुळी बघणाऱ्या नातेवाइकांत काय काय बोललं गेलं असेल त्याची कल्पना करायला फार हुशारी लागत नाही. शिवाय कूचबिहारच्या भावांच्या पिण्याबद्दल बोललं जायचं, आणि ही भीती खोटी नव्हती. गायकवाडांना दारूनं काय होतं ते घरातच दिसत होतं, त्यांची स्वतःची मुलं त्यात वाहवत चालली होती.

आणि चिमणाबाई! त्या तर महाराजांहून जास्त चिडल्या होत्या. ज्या बाईनं स्वतः पडदा सोडला, टेनिस खेळली, शिकार केली, हिंदुस्थानातल्या स्त्रियांच्या स्थितीवर १९११ मध्ये इंग्रजीत पुस्तक काढलं, १९२७ ला आपल्या पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेची पहिली सभा झाली तिची अध्यक्ष कोण तर हीच. तीसुद्धा आई म्हणून अडलीच. पुस्तकातली बाई मोकळी करणं आणि आपल्या घरातली मोकळी करणं यात फार अंतर असतं, ते आजही कमी झालेलं नाही, तुझ्या मैत्रिणींना विचार.

एक गोष्ट मात्र मला नेहमी आठवते. दत्तक घेण्यासाठी कवळाण्याहून मुलं बडोद्याला नेली तेव्हा प्रत्येकाला विचारलं, कशाला आलास, तर बारा वर्षांचा गोपाळ म्हणाला मी राज्य करायला आलोय, अशी आख्यायिका आहे. तोच पुढे सयाजीराव झाला. आपलं आयुष्य आपल्या तोंडानं सांगायची सवय या घरात बापापासूनच होती. लेकीनं ती उचलली इतकंच.

कूचबिहार ट्रॉफी म्हणजे तेच कूचबिहार का? माझा मुलगा अंडर नाइन्टीन खेळतो. — एक पालक, औरंगाबाद

हो हो, तेच. ती ट्रॉफी कूचबिहारच्या राजघराण्यानं दिलेली. इंदिराराजेंचे थोरले चिरंजीव जगद्दीपेंद्र स्वतः क्रिकेटर होते, बंगालकडून खेळले. मुलाला खूप शुभेच्छा, आणि पुढच्या वेळी मॅचला निघाला की सांगा त्याला की या नावाचं एक टोक बडोद्यात आहे.

मागचा लेख आवडला पण या इंदिराराजेंचं एवढं कौतुक कशाला? मी वाचलंय की त्या युरोपात पार्ट्या करायच्या, इटलीत शंभर-शंभर बुटांच्या ऑर्डरी द्यायच्या. प्रजेच्या पैशावर चैन. यात आदर्श काय? — निवृत्त शिक्षक, इंदूर

सर, तुमचा मुद्दा मी टाळणार नाही. बुटांचं खरं आहे. फेरागामो म्हणून इटलीतला मोठा कारागीर, त्यानंच लिहून ठेवलंय की कूचबिहारच्या महाराणींनी शंभरावर जोड करायला दिले, त्यातल्या काहींवर जडवायला हिरे-मोती त्यांनीच पाठवले. कूचबिहारच्या शेतकऱ्याच्या पायात त्या वेळी काय होतं हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, मीही विचारते. वर्षातले कितीतरी महिने त्या संस्थानाबाहेर असायच्या हेही खरं.

पण सर, फक्त तेवढंच लक्षात राहतं याचा मला त्रास होतो. बाईच्या आयुष्यातले बूट आणि साड्या उरतात आणि तिनं ओढलेलं ओझं कुणी सांगत नाही.

आता तारखा बघा. १९१९ ला भाऊ शिवाजीराव गेले. २० डिसेंबर १९२२ ला जितेंद्र नारायण गेले, वय छत्तीस, दारूनंच, आईवडील ज्याला भ्याले होते नेमकं तेच. १९२३ ला दुसरा भाऊ जयसिंगराव. ज्याच्यासाठी ग्वाल्हेर सोडलं, माहेर दुखावलं, तो माणूस लग्नाला दहा वर्षं व्हायच्या आत गेला. इंदिराराजे तेव्हा तिशीच्या. पदरात पाच मुलं, इला सगळ्यात मोठी आठ वर्षांची, मग जगद्दीपेंद्र, इंद्रजितेंद्र, गायत्री, आणि धाकटी मेनका तर दोन वर्षांची. गादीचा वारस सात वर्षांचा.

त्या काळी आपल्याकडे पांढरपेशा घरांत तिशीतल्या विधवेचं काय व्हायचं हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या-माझ्या आज्या-पणज्यांनी ते भोगलंय, मागची खोली आणि अलवण. राजघराण्यांतही विधवा राणी म्हणजे बहुतेक वेळा तीर्थयात्रा आणि जपमाळ. आणि ही बाई रीजंट म्हणून, म्हणजे अज्ञान राजाच्या वतीनं कारभार बघणारी म्हणून बसली. परक्या प्रांतात, परक्या भाषेत, इंग्रज अधिकारी खांद्यावरून वाकून बघतायत, राजाच्या मरणानंतर संस्थान लहान पोराच्या नावावर म्हणजे ज्याला त्याला हात मारायची संधी, अशा वेळी १९२२ पासून १९३६ पर्यंत तिनं कारभार बघितला आणि मुलगा वयात आल्यावर त्याच्या हवाली केला. चौदा वर्षं. मुलगा महाराजा असतानाच पुढे १९४९ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं आणि १ जानेवारी १९५० पासून पश्चिम बंगालचा जिल्हा झालं.

आणि मुलींना कसं वाढवलं बघा ना. घोड्यावर बसवलं, बंदूक हातात दिली, गायत्रीला शांतिनिकेतनला पाठवलं, नंतर स्वित्झर्लंडला. पडद्याचं नाव नाही. ती मुलगी १९६२ साली जयपूरहून ‘स्वतंत्र’ नावाच्या पक्षातर्फे लोकसभेला उभी राहिली आणि १,९२,९०९ मतं घेऊन आली, एकूण मतं पडली होती २,४६,५१६. गिनीज बुकात नोंद झाली त्या विजयाची. मुलींसाठी जयपूरला शाळा तर १९४३ मध्येच काढली होती. हे सगळं हवेतून आलं नाही सर, हे आजोळचं आणि आईचं आहे.

साड्यांचंही जाता जाता सांगते कारण मला ते आवडतं. आई नऊवारी नेसणारी, चंदेरी, जरीचा काठ. लेकीनं फ्रान्सहून साधी शिफॉन मागवून ती साडीसारखी नेसायला सुरुवात केली असं सांगतात, आणि बघता बघता हिंदुस्थानभरच्या राण्यांत शिफॉन आली. एका हातात मावेल अशी साडी. ज्यांनी कधी जरीची नऊवारी उन्हाळ्यात दिवसभर अंगावर बाळगलीय त्यांना कळेल यात नुसती चैन नव्हती, अंगावरचा भार उतरला होता.

आदर्श म्हणा असं मी म्हणतच नाही. पूर्ण बाई बघा एवढंच माझं म्हणणं.

आम्ही दिवाळीत बडोद्याला जातोय, या सगळ्यातलं काय बघता येईल? — एक वाचक, डोंबिवली

लक्ष्मीविलास पॅलेस बघा, १८९० मध्ये पूर्ण झालेला. दरबार हॉलमध्ये घाई करू नका, पायाखाली व्हेनिसच्या कारागिरांनी बसवलेली मोझेकची फरशी आहे, तुकडा तुकडा करून लावलेली, आणि खिडक्यांच्या रंगीत काचांतून ऊन आलं की तिच्यावर लाल-निळे डाग पडतात. मी तिथे उभी राहून हाच विचार करत होते की या फरशीवरून ती मुलगी कितीदा चालली असेल, पत्र लिहिलं त्या दिवशीसुद्धा चालली असेल. तिथेच फतेहसिंग म्युझियम, राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, महाराजांनी खास काढून घेतलेली, ती सोडू नका. कमाटीबाग मुलांसाठी. वेळा आधी बघून जा, सणाला बदलतात.

आणि कधी उत्तर बंगालला गेलात तर कूचबिहारचा राजवाडाही बघा, १८८७ चा, लांबच लांब विटांचा, आता पुरातत्त्व खात्याकडे आहे, आत म्युझियम.

ताई, एक खटकतं. आईनं दुसरी बायको व्हायला नकार दिला आणि मुलगी गायत्रीदेवी जयपूरच्या महाराजांची तिसरी बायको झाली! मग आईच्या त्या बंडाचा उपयोग काय झाला? माझ्या स्वतःच्या मुलीनं साखरपुडा झाल्यावर लग्न मोडलंय, घरात तीन महिने कुणी नीट बोलत नाही, म्हणून हा प्रश्न माझ्या जिवाला लागलाय. — एक आई, कोल्हापूर

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. शेवटची ओळ वाचल्यावर बाकीची पत्रं बाजूला ठेवली.

हो, खरं आहे. सवाई मानसिंग कलकत्त्याला पोलो खेळायला यायचे, इंदिराराजेंच्याच घरी उतरायचे. गायत्री तेव्हा बारा वर्षांची. पुढे त्यांच्या जोधपूरच्या दोन राण्या, एक आत्या आणि एक भाची, आणि तरी ही मुलगी मोठी झाल्यावर अडून बसली की लग्न करीन तर यांच्याशीच. इंदिराराजेंना काय वाटलं असेल हो! ज्या गोष्टीला नाही म्हणण्यासाठी आपण माहेर पणाला लावलं तीच गोष्ट मुलगी हट्टानं मागतेय. त्यांनी विरोध केला, चांगलाच केला. तिथलं जनान्यातलं आयुष्य कसं असेल ते बजावलं, थांब म्हणाल्या, वर्षानुवर्षं थांबायला लावलं. चिमणाबाई ज्या जागी उभ्या होत्या नेमक्या त्याच जागी आता त्या.

मला विचाराल तर गायत्रीदेवींची निवड मला स्वतःला पटत नाही. तिसरी बायको म्हणून जाणं मला पटणार नाही, कितीही प्रेम असो. पण तुम्ही विचारलंत की आईच्या बंडाचा उपयोग काय, तर मला वाटतं इंदिराराजेंनी लढाई दुसरी बायको होण्याविरुद्ध केली असं आपण समजतो तिथे थोडं चुकतं. त्या लढल्या ते माझं लग्न मी ठरवणार यासाठी. मुलीनंही तेच मागितलं, फक्त तिचं उत्तर आईला नको होतं ते होतं. आणि तिथे त्या आपल्या आईपेक्षा वेगळ्या वागल्या. बोलल्या, भांडल्या, थांबवलं, पण दार लावलं नाही.

चिमणाबाईंनीही दार कायमचं लावलं नव्हतं बरं का. कूचबिहारची पाचही मुलं सुटीत बडोद्याला आजी-आजोबांकडे लक्ष्मीविलासला जाऊन राहायची. ज्या घरानं लग्नाला माणूस पाठवला नाही त्याच घरात नातवंडं हुंदडत होती. किती वर्षं मधे गेली, कोण आधी बोललं, हे दोघीच जाणत असतील, पण बोलणं सुरू झालं हे नक्की. तुमच्याकडे तीन महिने झालेत. तुमच्या लेकीनं निदान मांडव पडायच्या आधी सांगितलं, तेही तुमच्या घरात राहून, तुमच्या समोर. आज रात्री तिच्या ताटात भाजी तुम्ही वाढा, लग्नाचा विषय काढू नका, नुसतं वाढा आणि जवळ बसा. तिचे बाबा नंतर येतील.

आणि गायत्रीदेवींच्या लग्नाचं विचारलंत म्हणून सांगते, ते ९ मे १९४० ला झालं, आणि लंडनच्या कुठल्या हॉटेलात नाही, कूचबिहारला, मुलीच्या माहेरी, आणि आई मांडवात होती.